तासगावकरांची तार

"वहिनी, तार!" असे ओरडत बापूभावजी मागच्या अंगणात धावत आले, तेव्हा माझ्या हातात सोऱ्या होता आणि सोऱ्यात वाफाळता चीक. कुरडईचा चीक कोणासाठी थांबत नाही. एकदा निवला की तो सोऱ्यातून उतरत नाही. एवढे ज्याला कळते, त्याने त्या क्षणी मला हाक मारली नसती. परंतु भावजींच्या पाठोपाठ साक्षात पोस्टमास्तर हुद्दार आत आले. ते स्वतः तार घेऊन येत, ते केवळ मयताच्या वेळी.

"कोण गेलं?" मी विचारले.

कुंपणापलीकडच्या गोदूताईंनी "तार" आणि "गेलं" एवढेच ऐकले आणि गळा काढला. त्यांना गप्प करण्यात थोडा वेळ गेला.

"कोणी गेलेलं नाही, वहिनीसाहेब," हुद्दार म्हणाले. "मिरजेहून आहे. तासगावकरांची."

मी सोऱ्या थांबवला नाही. हातातला चीक संपवला, शेवटची कुरडई कापडावर घातली, हात धुतले, आणि मग म्हटले, "वाचा."

हुद्दारांनी घसा साफ केला. "प्लीज डू नॉट वेट फॉर अस टू फिक्स वेडिंग डेट. तासगावकर."

"मराठीत."

हुद्दारांनी चष्मा काढून पुसला. त्यांची ही सवय मला ठाऊक होती. वाईट बातमी ते नेहमी चष्मा न घालता सांगत. "आम्ही लग्नाची तारीख ठरवू, याची वाट पाहू नका. म्हणजे, नकार आहे."

भावजी विहिरीच्या काठावर बसले. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला शरयू ओले कापड पिळत उभी होती. तिने ते कापड पुन्हा पिळले. त्यातून एक थेंबही पडला नाही.

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठावन्न सालच्या फाल्गुनातली, आमच्या गडहिंग्लजची. शरयू माझ्या धाकट्या जावेची मुलगी. जाऊ गेली तेव्हा ही चार वर्षांची होती. तिने हिचा हात माझ्या हातात दिला आणि ती काही बोलली नाही. बोलून दाखवण्याची गरज आम्हा दोघींत कधी पडली नव्हती. पुढे सोळा वर्षे मी त्या मुलीला वाढवले, मॅट्रिक केले, आणि आता तिचे लग्न जमवत होते. तिचे वडील, बापूभावजी, प्राथमिक शाळेत मास्तर. चाळीस पोरांना ते सहज धाकात ठेवत, परंतु वरपक्षासमोर त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. घरात निर्णय माझ्या यजमानांचा असे. त्यांचा शब्द नेहमी शेवटचा. तोवर माझे सगळे बोलून झालेले असे.

तीन ठिकाणांहून नकार आले होते. हे चौथे स्थळ. मिरजेचे वैद्य वामनशास्त्री तासगावकर, त्यांचा एकुलता एक मुलगा अच्युत, हायस्कुलात इंग्रजीचा शिक्षक. आठ दिवसांपूर्वी बापलेक दोघेच मुलगी पाहून गेले होते. त्या दिवसापासून शरयूने दोनदा दूध उतू घालवले होते. तिने मला काही सांगितले नव्हते, आणि मीही दूध उतू गेल्याबद्दल तिला बोलले नव्हते.

ती बैठक सांगितल्यावाचून पुढचे कळायचे नाही. शास्त्रीबुवा आले ते वरपिता म्हणून, परंतु मुलगी पाहिली ती वैद्य म्हणून. आधी तिची नाडी पाहिली. मग, "जीभ दाखव, बाळ." मग डोळ्यांच्या खालच्या पापण्या. भावजी खाली मान घालून बसले होते. एवढे झाल्यावर मुलाने पहिल्यांदा तोंड उघडले आणि शरयूला इंग्रजीत एकच प्रश्न विचारला.

"मराठीत विचार," शास्त्रीबुवा कडाडले. "साहेब गेला, आता त्याची भाषा कशाला?" शास्त्रीबुवांना इंग्रजीचा एक शब्दही येत नसे, आणि हे ते लोकांना आवर्जून सांगत.

परंतु तोवर शरयूने उत्तर दिले होते, तेही इंग्रजीतच. ते ऐकून मुलगा असा मोकळेपणाने हसला, की कपबशीतला चहा बशीत आला. मी शरयूला नंतर विचारले, काय विचारत होता? ती म्हणाली, "मास्तरांनी शिपायाला सांगितलं, की त्याला उशीर झाला आहे. इंग्रजीत हा 'तो' दोघांपैकी कोणीही होऊ शकतो. तर उशीर कोणाला झाला?"

"आणि तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, झाला असेल मास्तरांना, पण दंड शिपायालाच होणार."

मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. पण ते पुढचे. बैठकीत शास्त्रीबुवा हसले नव्हते. पोराने आपल्याला वगळून काही केले, एवढे त्यांना कळले होते, आणि त्यांचा आवाज चढला. "आता जरा चालून दाखव. त्या दारापर्यंत जा आणि परत ये."

शरयू चालून आली. मी ते पाहिले, आणि माझ्या तोंडून निघून गेले, "छान. आता मुलगा."

"मुलगा काय?"

"चालून दाखवू दे की. आम्ही मुलगी द्यायची, तर पाय तपासून नकोत का घ्यायला?"

भावजींनी डोळे मिटून घेतले. शास्त्रीबुवांचा हात पोह्यांच्या बशीवर थांबला. आणि अच्युत उठला, कोट सारखा केला, दारापर्यंत गेला, परत आला, आणि अदबीने म्हणाला, "आणखी एक फेरी घालू का?"

शास्त्रीबुवांनी बशी तशीच खाली ठेवली. "कळवतो," एवढेच बोलून ते उठले.

आणि आता हे कळवणे आले होते.

"भावजी," मी म्हटले, "देसाईवकिलांना बोलावून आणा."

"कशाला, वहिनी? हुद्दारांनी सांगितलं ना अर्थ?"

"देसाईवकिलांना बोलावून आणा."

गडहिंग्लजमध्ये इंग्रजी जाणणारी माणसे तेव्हा अर्ध्या डझनापेक्षा अधिक होती. मी त्यांतून देसाईंनाच का निवडले, ते मी त्या वेळी कोणाला सांगितले नाही. देसाई आणि हुद्दार शाळासोबती. हुद्दार पूर्व म्हणाले की देसाई पश्चिम म्हणत, आणि हा वाद ब्रिटिश अमदानीपासून अखंड चालू होता.

देसाई आले. काळा कोट अंगात होता. पक्षकार समोर नसला तरी ते तो काढत नसत. तार त्यांनी एकदा वाचली, हुद्दारांकडे पाहिले, आणि विचारले, "पोस्टमास्तर काय म्हणतात?"

"नकार म्हणतात."

"मग होकार आहे," देसाई म्हणाले. "स्वच्छ होकार. लग्नाची तारीख ठरवायला आमच्यासाठी थांबू नका. तुम्ही वधूपक्ष, तुम्ही ठरवा, आम्हांला कबूल. किती सज्जन माणसं!"

"अहो देसाई, 'फॉर अस टू फिक्स' आहे!" हुद्दार उसळले. "ठरवणारे कोण? ते! आणि त्यांची वाट पाहू नका म्हणताहेत. म्हणजे ते ठरवणार नाहीत."

"थांबायचं त्यांच्यासाठी, ठरवायचं आपण."

"मी एकतीस वर्षं तारा घेतोय. आनंदाच्या तारेत एक तरी गोड शब्द असतो. यात हॅपी नाही, ग्लॅड नाही."

"प्लीज आहे."

"प्लीज नकारातच घालतात!"

"नकार कळवायला कोणी तार करतं होय? नकाराला कार्ड पुरतं. तार घाईच्या कामाला."

"आमच्याकडे एकानं म्हैस व्याली म्हणून तार केली होती!"

"ती तरी तुम्ही नीट वाचलीत का?"

कुंपणापलीकडे गोदूताई आता रडणे थांबवून एका पाटावर चढून उभ्या होत्या. भावजी बिचारे टेनिसचा चेंडू पाहावा तशी मान इकडून तिकडे वळवत होते. देसाई बोलले की त्यांच्या चेहऱ्यावर रक्त चढे, हुद्दार बोलले की उतरे. शरयूने कापडावरच्या ओल्या कुरडया उलटायला घेतल्या होत्या. त्या उलटण्याजोग्या व्हायला अजून दोन तास होते.

"थांबा," मी म्हटले. दोघे थांबले. "तारेत पत्रिकेचं काय लिहिलं आहे?"

हुद्दारांनी तार पाहिली. देसाईंनी हुद्दारांच्या खांद्यावरून पाहिली.

"पत्रिकेचं काही नाही," हुद्दार म्हणाले.

"मग नकार कसा?"

हुद्दारांनी तार उलटून मागची बाजू पाहिली.

"आजवर तीन नकार आले," मी म्हटले. "तिन्ही पत्रिकेचे. सांगलीच्यांनी तर पत्रिका मागितलीच नव्हती, तरी ती जुळत नाही म्हणून कळवलं. आपल्यात मुलगी कोणी नाकारत नाही, हुद्दार. ग्रह नाकारतात. यात ग्रह आहेत का?"

"नाहीत," हुद्दार हळूच म्हणाले.

"हा मुद्दा कोर्टात टिकेल!" देसाईंनी मांडीवर थाप मारली. हुद्दारांचा पराभव होताना पाहून त्यांना जो आनंद झाला, तो शरयूचे लग्न ठरल्याच्या आनंदाहून मोठा होता.

ते गेल्यावर मी शरयूला बोलावले. "तुला इंग्रजी येतं. तू सांग."

तिने तार वाचली. वाचता वाचता तिचे कान लाल झाले. तिने ती पुन्हा वाचली आणि नीट चौपदरी घडी केली. नकाराच्या कागदाची कोणी अशी घडी करत नाही.

"दोन्ही अर्थ निघतात, काकू," ती म्हणाली.

"एका वाक्याचे दोन?"

"दोन्ही शुद्ध आहेत."

"लिहिणाऱ्यानं चूक केली म्हणायची?"

"नाही," ती चटकन म्हणाली. "लिहिणारा चूक करणारा नाही."

एवढे बोलून ती पुन्हा कुरडयांकडे गेली.

संध्याकाळी आमचे हे कचेरीतून आले. यांना मोडी उत्तम येत असे, इंग्रजी नाही. मी तार हातात दिली. यांनी ती उजेडात धरून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "अक्षर चांगलं आहे." अक्षर हुद्दारांचे होते.

"मी उद्या मिरजेला जाते. भावजींना घेऊन. साखरपुड्याचं बोलूनच येते."

"मीही तेच म्हणणार होतो," हे म्हणाले.

बापूभावजी मात्र रात्रीच्या जेवणावर भात चिवडत राहिले. "वहिनी, राग नका मानू. आपण आधी एक पत्र टाकू या का? आपल्या तारेचा अर्थ नेमका कोणता, म्हणून. विचारायला काय हरकत आहे?"

"भावजी," मी म्हटले, "विचारलं की उत्तर येतं. भात जेवा."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आम्ही निघालो. पिशवीत खण, नारळ, साखर, पेढ्यांचे दोन पुडे, आणि जोशांकडून काढून आणलेले वैशाखातले तीन मुहूर्त. कोल्हापूरपर्यंत भावजी तोंडातल्या तोंडात काहीतरी पाठ करत होते. मी विचारले, तर म्हणाले, "नकार असला तर काय म्हणायचं, ते."

"काय म्हणायचं?"

"इकडून चाललो होतो, सहज डोकावलो."

"नारळ घेऊन?"

कोल्हापुराहून मिरजेच्या गाडीत त्यांनी पाठांतर सोडून दिले.

शास्त्रीबुवांचे घर आणि दवाखाना एकच. ओसरीवर डझनभर रोगी बसलेले, समोर बैठकीवर शास्त्रीबुवा, आणि त्यांच्यापुढे एक जाडजूड गृहस्थ जीभ बाहेर काढून. मी जोडे काढून सरळ आत गेले. शास्त्रीबुवांनी मला पाहिले आणि त्यांच्या हातातली चाटणाची डबी घरंगळत कपाटाखाली गेली.

"आपण?"

"नमस्कार, शास्त्रीबुवा. आपली तार मिळाली."

"मिळाली ना?"

"मिळाली."

"मग?"

"मग आलो."

"तार मिळूनही आलात?"

"तारेत म्हटल्याप्रमाणेच आलो. आपण कळवलंत, लग्नाच्या तारखेसाठी आमची वाट पाहू नका. आम्ही पाहिली नाही." मी पिशवीतून नारळ काढून बैठकीवर ठेवला. "वैशाखात तीन मुहूर्त आहेत. आपल्याला सोयीचा सांगा, म्हणजे आम्ही मांडवाच्या तयारीला लागतो."

ओसरीवरचे रोगी पुढे सरकले. कोणाच्या खोकल्याची उबळ होती तीही थांबली. समोरच्या जाड गृहस्थांची जीभ अजून बाहेरच होती. ती आत घ्या असे त्यांना सांगायचे राहून गेले होते.

"हे... हे तारेत लिहिलं आहे?"

"हो. आमच्या गावच्या वकिलांनी वाचून दाखवलं. आपण वाचून पाहता का?" मी तार पुढे केली.

शास्त्रीबुवांनी हात पुढे केला नाही. डझनभर रोग्यांसमोर इंग्रजी तार उलटी धरण्याचा प्रसंग कोणत्याही शास्त्र्याला आवडला नसता.

नेमका त्याच वेळी अच्युत सकाळची शाळा आटोपून आला. कोटाच्या बाहीला खडू लागला होता. त्याने नारळ पाहिला, मला पाहिले, भावजींना पाहिले, आणि वाकून नमस्कार केला. वाकला तो जरा अधिकच वेळ वाकून राहिला.

"अच्युत!" शास्त्रीबुवा म्हणाले. "तू तार काय केलीस?"

"आपण सांगितली तीच, बाबा."

"मी काय सांगितलं होतं?"

"आमची वाट पाहू नका."

"मग?"

"मग त्यांनी पाहिली नाही," अच्युत म्हणाला.

शास्त्रीबुवांचा चेहरा काढ्यासारखा आटत गेला. मी ती संधी सोडली नाही. "काही अडचण आहे का, शास्त्रीबुवा? पत्रिकेत काही?"

शास्त्रीबुवांनी एकदा रोग्यांकडे पाहिले, एकदा देव्हाऱ्याकडे.

"पत्रिकेत अठ्ठावीस गुण जुळतात," ते म्हणाले. प्रत्येक शब्द दात काढावा तसा निघत होता. "मी स्वतः मांडली आहे. उत्तम जुळते."

"अहो, मग थांबलात कशाला?" आतून आवाज आला, आणि त्यांच्या कुटुंबाने, लक्ष्मीबाईंनी, साखरेची वाटी घेऊन ओसरीवर पाऊल ठेवले. एवढ्या लवकर साखरेची वाटी येते, याचा अर्थ ती दाराआड तयारच होती. त्यांनी मला हळदकुंकू लावले, आणि मी पेढ्यांचा पुडा फोडला. पहिला पेढा समोरच तयार असलेल्या त्या जिभेवर ठेवला.

"अहो, त्यांना गोड वर्ज्य आहे!" शास्त्रीबुवा ओरडले.

गृहस्थांनी जीभ आत घेतली आणि डोळे मिटले. "अभिनंदन, शास्त्रीबुवा," ते पेढ्यातून म्हणाले. मग सगळ्यांनीच अभिनंदन केले. बाराजणांनी एकदा अभिनंदन केले, की त्यानंतर नकार देण्याची सोय कोणत्याही शास्त्रात नाही.

निघताना शास्त्रीबुवा पायरीपर्यंत पोहोचवायला आले. राग अजून नाकावर होता. "मुलगा पुन्हा एकदा चालवून पाहायचा आहे का?" त्यांनी विचारले.

"नको," मी म्हटले. "चालेल."

त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलले. ते हसणे असावे, पण मी पैजेवर सांगणार नाही.

वैशाख शुद्ध दशमीला लग्न झाले. शरयूने मिरजेला जाऊन इंटर केले, बीए केले, आणि पुढे नवऱ्याच्याच शाळेत इंग्रजी शिकवू लागली. शास्त्रीबुवांना सुनेचे कौतुक असे, पण ते तिच्या पाठीमागे बोलून दाखवत. समोर फक्त तिची नाडी पाहत. हुद्दार मात्र मला पुढे कितीतरी वर्षे सांगत राहिले, "वहिनीसाहेब, लग्न झालं हे उत्तमच झालं, पण वाक्याचा अर्थ मी म्हणत होतो तोच होता."

लग्नाला चौदा वर्षे झाली, तेव्हा शास्त्रीबुवांना ऐंशी पुरी झाली. सहस्रचंद्रदर्शनाच्या शांतीला आम्ही सगळे मिरजेला गेलो. जेवणे झाली, विडे झाले, पाहुणे पांगले. शास्त्रीबुवा लोडाला टेकून बसले होते, आणि एकाएकी म्हणाले, "विहीणबाई, आज एक गोष्ट सांगून मोकळा होतो. ती तार नकाराची होती."

बापूभावजींच्या हातातली सुपारी खाली पडली.

"तुम्ही माझा मुलगा चालवलात," शास्त्रीबुवा म्हणाले, "ते मला जिव्हारी लागलं होतं. पण मुलीत नाव ठेवायला काही नव्हतं, आणि पत्रिका जुळत नाही असं खोटं माझ्याच्यानं लिहवेना. मी या हातांनी ती मांडलेली! म्हणून याला म्हटलं, तार कर, आमची वाट पाहू नका. साधे चार शब्द. आणि या इंग्रजीच्या पंडितानं त्याचा असा विचका केला, की तुम्ही नारळ घेऊन दारात! चौदा वर्षं मी मनात म्हणतो आहे, याचं इंग्रजी कच्चं आहे, आणि सरकार याला पगार देतं आहे."

अच्युतराव अडकित्त्याशी चाळा करत होते. "कच्चं नव्हतं, बाबा."

"म्हणजे?"

"'आमची वाट पाहू नका' एवढंच लिहिलं असतं, तर तिथंच संपलं असतं. पुढचे शब्द मी घातले. तार ऑफिसात दीड तास उभा होतो. चार फॉर्म फाडले. आपला शब्दही मोडायचा नव्हता, आणि..." त्यांनी शरयूकडे पाहिले. "आपण सांगितलेला अर्थ त्यात पुरेपूर होता, बाबा. फक्त शेजारी आणखी एक होता."

शास्त्रीबुवा उठून बसले. "आणि यांनी माझा अर्थ घेतला असता तर?"

"हिला दोन्ही दिसणार होते. उशीर कोणाला झाला, ते हिनं बरोबर सांगितलं होतं."

"नकार आहे आणि दुसरा अर्थ मुद्दाम ठेवला आहे, हे मला तार वाचताक्षणी कळलं," शरयू खाली पाहत म्हणाली. "पण मी उघड बोलले असते, तर काकू आधी पत्र लिहून खुलासा मागत बसल्या असत्या. म्हणून एवढंच सांगितलं, दोन्ही अर्थ शुद्ध आहेत."

शास्त्रीबुवांनी लेकाकडे पाहिले, सुनेकडे पाहिले, आणि कपाळावर हात मारून घेतला. मग हसू लागले. मी त्यांना मोठ्याने हसताना प्रथमच पाहत होते. "विहीणबाई, या दोघांनी तुम्हाला आणि मला, दोघांनाही फसवलं हो! म्हातारी माणसं आपण, भोळी!"

मी पानाला चुना लावत होते. तो मी सावकाश लावला.

हुद्दारांनी अंगणात "तासगावकरांची" म्हटले, तेव्हाच, त्यांनी एक अक्षरही वाचण्यापूर्वी, मला नकार कळला होता. जो माणूस माझ्या हातचे पोहे अर्धे टाकून उठतो, तो होकाराची तार करत नाही. मुलगा चालवून पाहण्याची हौस माझी होती, आणि तिचा भुर्दंड पडत होता शरयूला, जिचा हात माझ्या हातात दिला गेला होता. नकाराच्या तारेला दुसरा अर्थ सापडेल की नाही, हे मला ठाऊक नव्हते. परंतु तो असलाच तर हुद्दारांना खोटे पाडण्यासाठी देसाई तो जमिनीतून उकरून काढतील, हे ठाऊक होते. पत्रिकेचे मी दोघांना ऐकवले ते त्यांच्यासाठी. वामनशास्त्र्यांसारखा माणूस पत्रिकेविषयी खोटे का लिहिणार नाही, हे मला त्यांनी शरयूची नाडी ज्या मनापासून मोजली होती, त्यावरूनच समजले होते.

"खरंच हो, काकू," शरयू म्हणाली. तिची नजर आता माझ्यावर खिळली होती. "तुम्हाला तेव्हा काहीच शंका आली नाही?"

"मला कुठली यायला?" मी म्हटले. "नकार होता तो इंग्रजीत. मला इंग्रजी येतं का?"

शास्त्रीबुवांचे हसणे थांबले. शरयूने तोंडावर पदर धरला. मी पेढ्यांचे ताट व्याह्यांपुढे सरकवले. त्यांना वर्षभरापासून गोड वर्ज्य होते.

त्यांनी दोन घेतले.